कुलूपकार अर्देशीर गोदरेज

संत्र्याचा हंगाम आला की आमच्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांतील कित्येक घरे दिवसभर कुलूपबंद दिसू लागतात. माणसे पहाटेच बगीच्यांत जातात. फळांची तोड, त्यांची निवड, पेट्यांची भरणी आणि मालमोटारींची रवानगी यांत दिवस कसा मावळतो ते कळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर गोटमारीसाठी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन्ही काठांवर लोटतात, आणि मागे घराची राखण करावयास दारावरचे कुलूप तेवढे उरते. घराबाहेर पडताना आपण किल्ली फिरवतो, कुलूप एकदा ओढून पाहतो आणि निर्धास्त मनाने चालू लागतो. आपण कधीही न पाहिलेल्या एका कारागिराच्या सचोटीवर टाकलेला तो विश्वास असतो. तो कारागीर जर अप्रामाणिक निघाला, तर आपल्या निर्धास्तपणाचाच घात होतो.

हा विश्वास ज्या पुरुषाने आपल्या देशातील कारखानदारीत रुजवला, त्या कै. अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचे चरित्र विद्यार्थी मित्रांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे आडनाव आमच्याकडे घरोघर उच्चारले जाते. लोखंडी कपाट कोणत्याही कारखान्याचे असो, आजीबाई त्याला गोदरेज असेच म्हणतात. परंतु या आडनावामागे एक माणूस होता, त्याने दोन वेळा अपयश पचविले होते आणि दोन्ही वेळा ते अपयश त्याने जाणूनबुजून पत्करले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. बुर्जोरजी व दोसीबाई या दांपत्याच्या सहा अपत्यांत ते थोरले. घराण्याचे मूळ आडनाव गुथेराजी असे होते. अर्देशीर अगदी लहान असतानाच वडिलांनी ते बदलून गोदरेज असे केले. वडिलांचा व्यवसाय घरे व जमिनी यांच्या खरेदी-विक्रीचा होता आणि घरात कशाची उणीव नव्हती. मुलाने शिकून वकील व्हावे, अशी त्या काळच्या रीतीप्रमाणे घरच्यांची इच्छा होती.

१८९० साली त्यांचा विवाह बचूबाई यांच्याशी झाला. हे सुख वर्षभरही टिकले नाही. २५ एप्रिल १८९१ रोजी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरून पडून बचूबाई आणि त्यांच्या नात्यातील पिरोजबाई या दोघी तरुणींचा अंत झाला. त्या घटनेचा खटला मुंबईत फार गाजला, परंतु त्या दिवशी मनोऱ्यावर नेमके काय घडले ते अखेरपर्यंत निर्विवादपणे उलगडले नाही. अर्देशीर तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्या दुःखाने त्यांच्या मनाला कोणते वळण दिले याचा तर्क आम्ही करीत नाही. पुढील आयुष्यात या माणसाने आपले सर्व चित्त कामात ओतले, एवढेच सांगून पुढे जातो.

कायद्याचे शिक्षण संपवून १८९४ साली ते एका खटल्याच्या कामासाठी पूर्व आफ्रिकेतील झांझिबारला गेले. मोहनदास गांधी हे दुसरे तरुण वकील त्याच्या आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत उतरले होते. झांझिबारचे काम प्रथम सुरळीत चालले. पुढे मात्र असा प्रसंग आला की, पक्षकाराच्या हितासाठी अर्देशीर यांना आपल्याला खरी न वाटणारी गोष्ट खरी म्हणून न्यायासनापुढे मांडावी लागणार होती. पक्षकाराने समजावले, वडीलधाऱ्यांनी समजावले. वकिलाने पक्षकाराची बाजू मांडावयाची असते, न्याय करावयाचा तो न्यायाधीशाने, हा युक्तिवादही झाला. अर्देशीर बधले नाहीत. त्यांनी ते काम सोडले, पुढे वकिलीच सोडली आणि ते मुंबईस परतले. जग ज्याला यश म्हणते त्याच्या उंबरठ्यावरून ते मागे फिरले होते. हे त्यांचे पहिले अपयश.

मुंबईत त्यांनी एका औषधांच्या दुकानात साहाय्यकाची नोकरी धरली. तेथे शस्त्रक्रियेची उपकरणे त्यांच्या नित्य पाहण्यात येऊ लागली. चिमटे, कात्र्या, बारीक सुऱ्या हे सारे विलायतेहून येत असे. अशा वस्तू आपल्या देशात का होऊ नयेत, या विचाराने त्यांना घेरले. वडिलांच्या स्नेहातले मेरवानजी मंचेरजी कामा हे उदार गृहस्थ होते. त्यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन अर्देशीर यांनी उपकरणे तयार करविली. ती उत्तम उतरली. घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही ती पसंत पडली, पण भारतात तयार झाल्याची खूण त्यांवर नसावी, असा त्याचा हट्ट होता. देशी नाव दिसले तर माल खपणार नाही, हे व्यापारी गणित त्यात होते. अर्देशीर यांनी हे गणित मान्य केले नाही. ज्या हातांनी वस्तू घडविली त्या हातांचे नाव पुसून ती विकणे हेही त्यांच्या दृष्टीने खोटे बोलणेच होते. व्यवहार मोडला, धंदा बुडाला. हे दुसरे अपयश.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा तरुण. वकिली गेलेली, धंदा बुडालेला, डोक्यावर कर्ज. दोन्ही वेळा एखादी लहानशी तडजोड केली असती तर सर्व काही ठाकठीक झाले असते. बहुतेक माणसे अशा वेळी आपल्या तत्त्वांनाच दोष देतात. अर्देशीर मात्र असे काम शोधू लागले, ज्यात खरेपणा हाच मुख्य माल असेल.

ते काम त्यांना वर्तमानपत्राच्या एका बातमीत सापडले. मुंबईत घरफोड्या वाढल्या असून नागरिकांनी आपल्या कुलपांची अधिक काळजी घ्यावी, असे पोलीसप्रमुखांचे सांगणे त्या बातमीत होते. ते दिवसच भीतीचे होते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला होता आणि लाखो माणसे घरेदारे बंद करून शहराबाहेर पळाली होती. त्या घरांवर लटकणारी कुलपे बहुधा परदेशी किंवा ओबडधोबड हातबनावटीची असत. एकाच साच्यातून निघालेल्या अनेक कुलपांना एकच किल्ली लागू पडावी, यात नवल नव्हते. अर्देशीर पुन्हा कामाशेटजींकडे गेले. पहिले कर्ज फिटले नसता दुसऱ्यांदा पैसे देण्याचे औदार्य कामाशेटजींनी दाखविले. ७ मे १८९७ रोजी लालबागेत, गॅसच्या कारखान्याजवळील अवघ्या २१५ चौरस फुटांच्या एका छपरीत, मूठभर कारागिरांनिशी कुलपांचा कारखाना सुरू झाला. आमच्या शाळेतील एखादा वर्गही त्या छपरीपेक्षा मोठा भरेल.

कुलूप कसे चालते हे थोडक्यात सांगितल्याशिवाय अर्देशीर यांच्या कामाचे मोल कळणार नाही. चांगल्या कुलपाच्या पोटात लिव्हर नावाच्या अनेक पातळ पट्ट्या एकीवर एक बसविलेल्या असतात. किल्लीच्या प्रत्येक दात्याने आपल्या वाट्याची पट्टी नेमकी ठरल्याइतकीच उचलावी लागते. एक जरी पट्टी केसभर कमी किंवा केसभर अधिक उचलली गेली, तरी बोल्ट सरकत नाही. ही रचना इंग्लंडमधील रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली काढली होती. तत्त्व जुनेच होते, पण ते पाळावयाचे तर प्रत्येक कुलपाच्या पट्ट्या वेगळ्या कापाव्या लागतात, माप अचूक ठेवावे लागते, आणि कुलूप बंद झाल्यावर आतील कसर कोणालाच दिसत नसल्यामुळे ती न करण्याचा निर्धार कारागिराच्या अंगी असावा लागतो. अर्देशीर यांनी आपल्या कुलपांवर नांगराची मुद्रा घातली, प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी ठेवली आणि आपले कुलूप दुसऱ्या साधनाने उघडणार नाही अशी हमी दिली. लिव्हरच्या पट्ट्यांना दाब देणारी स्प्रिंग हा कुलपाचा सर्वांत दुबळा अवयव. ती झिजते, गंजते, तुटते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून स्प्रिंगशिवाय चालणारे कुलूप त्यांनी सिद्ध केले आणि त्याचे पेटंट मिळविले.

त्यांची दोन कुलपे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एकाचे नाव गॉर्डियन. त्याच्यासोबत दोन किल्ल्या मिळत. दोन्हींनी कुलूप उघडे, पण त्यांतील एका किल्लीने कुलपाची अंतर्रचनाच बदलता येई आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी होई. किल्ली चोरीला गेली किंवा विश्वासातल्या माणसाने विश्वासघात केला, तरी धन्याच्या हाती उपाय राहावा, ही त्यामागील दृष्टी. दुसऱ्याचे नाव डिटेक्टर. त्यात कोणी खोटी किल्ली घालून पाहिली तर एक खीळ सुटून कुलूप अडकून बसे. धनी परत येऊन स्वतःची खरी किल्ली बंद करण्याच्या दिशेने फिरवी, तेव्हाच ते पूर्ववत होई. म्हणजे चोर आत न शिरताही त्याने प्रयत्न केला होता, ही वर्दी ते कुलूप मालकाला देत असे. अशा कुलपाची कल्पना इंग्लंडात जेरेमाया चब याने १८१८ साली प्रथम प्रत्यक्षात आणली होती. अर्देशीर यांनी तिला मुंबईच्या बाजारात आणले. अडविणे हे कुलपाचे एक काम. घडलेले खरेखरे सांगणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

कामाशेटजींनी आपल्या पैशांच्या मोबदल्यात एवढीच इच्छा दर्शविली की, आपल्या भाच्याला, बॉइस याला, धंद्यात घ्यावे. अर्देशीर यांनी त्याला भागीदार केले. बॉइस फार काळ राहिला नाही, परंतु उपकारकर्त्याच्या स्मरणार्थ त्याचे नाव मात्र कारखान्याच्या पाटीवर कायम राहिले. गोदरेज आणि बॉइस या नावातील दुसऱ्या शब्दाचा हा असा इतिहास आहे. पुढे अर्देशीर यांचे धाकटे बंधू पिरोजशा कारखान्यात आले. अर्देशीर हे शोधक, तर पिरोजशा हे संघटक. दोघांच्या गुणांची जोड जमली आणि छपरीचा कारखाना झाला.

कुलपांनंतर १९०२ साली तिजोरी आली. त्या काळच्या पुष्कळ तिजोऱ्या दिसावयास भारदस्त असत, पण आगीत सापडल्या की आतील कागद होरपळून जात आणि चोराने हत्यार चालविले की सांधे सुटत. अर्देशीर यांनी आगीचा आणि चोराचा विचार एकत्र केला. जितके सांधे कमी तितकी फट कमी, हे ओळखून त्यांनी पत्रा वाकवून पेटीचे जोड घटविले आणि दुहेरी भिंतींमध्ये उष्णता रोखणारे द्रव्य भरले. तिजोरी खरोखर टिकते की नाही हे बोलून दाखविण्याऐवजी ती आगीत घालून पाहण्याची त्यांची रीत होती. आपली वस्तू आपणच आधी कसोटीला लावावी आणि मगच दुसऱ्याच्या हाती द्यावी, हा त्यांचा नेम होता.

पुढे १९१८-२० च्या सुमारास ते साबणाकडे वळले. त्या काळचे बहुतेक साबण जनावरांच्या चरबीपासून होत आणि अनेक भारतीयांना ते वापरण्यास संकोच वाटे. अर्देशीर यांनी वनस्पतींच्या तेलांपासून अंगाचा साबण करून दाखविला. लोखंडी कपाटांचे कामही १९२३ च्या सुमारास सुरू झाले, आणि त्या कपाटांनी गोदरेज हे नाव खेड्यापाड्यांत पोहोचविले.

अर्देशीर कट्टर देशाभिमानी होते. लोकमान्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली टिळक स्वराज्य फंड उभारला गेला, तेव्हा त्यांनी त्यास तीन लक्ष रुपये दिले. त्या काळच्या रुपयाची किंमत ध्यानात घेता ही देणगी किती मोठी होती हे सांगणे नलगे. तथापि स्वदेशीच्या प्रश्नावर ते राष्ट्रीय पुढाऱ्यांशी, गांधीजींशीसुद्धा, मतभेद दाखविण्यास कचरले नाहीत. माल देशी आहे म्हणून तो कसाही असला तरी लोकांनी घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. देशाच्या नावावर निकृष्ट माल खपविणारा मनुष्य देशालाच फसवितो, असे त्यांचे मत होते. विलायती वस्तूला हरवावयाचे ते तिच्याहून सरस वस्तू करून, असा त्यांचा बाणा. शस्त्रक्रियेच्या उपकरणांवर देशाचे नाव असलेच पाहिजे म्हणून धंदा बुडू देणारा आणि देशाचे नाव हे निकृष्टतेचे पांघरूण होता कामा नये म्हणून वाद घालणारा अर्देशीर एकच होता. दोन्ही ठिकाणी त्याची मागणी एकच होती: वस्तूने स्वतःविषयी खरे सांगावे.

१९२८ साली त्यांनी सर्व उद्योग पिरोजशा यांच्या स्वाधीन केला. कोट्यवधींच्या धंद्याचे मूळ आपण रोवले याचा अहंकार त्यांना शिवला नाही. ते नाशिककडे शेतीत रमले. १९३६ च्या आरंभी त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. त्यांचे नाव चालविले ते त्यांच्या वस्तूंनी.

त्या वस्तूंची परीक्षा त्यांच्या मागेही झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला आणि आसपासच्या वस्त्या आगीत सापडल्या. त्या राखेतून काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत निघाल्याचे पुष्कळांनी पाहिले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तिच्यासाठी लाखो पोलादी मतपेट्या याच कारखान्याने विक्रोळी येथे तयार केल्या. कोट्यवधी नागरिकांच्या पहिल्या मतांची राखण करण्याचा मान अशा रीतीने लालबागच्या त्या छपरीच्या वारसांना लाभला.

आता त्या डिटेक्टर कुलपाकडे वळू. घडलेले खरेखरे सांगणाऱ्या राखणदाराची कल्पना पुढे विजेच्या साह्याने फार विस्तारली. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ साली विजेच्या घरफोडी-घंटेचे पेटंट घेतले होते, आणि एडविन होम्स याने तिचा व्यवसाय वाढविला. योगायोग असा की, अर्देशीर निवर्तले त्याच १९३६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी रीड स्विच नावाची चिमुकली वस्तू तयार केली. काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन नाजूक पट्ट्या असतात. जवळ लोहचुंबक आले की त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेले की सुटतात. आज पांढुर्णा-सौंसरच्या बाजारपेठेतील दुकानांत आणि नव्या घरांत धोक्याची घंटा बसविलेली दिसते. तिचा दारावरचा सेन्सर बहुधा याच जातीचा असतो. चौकटीवर स्विच, दारावर लोहचुंबक. दार मिटलेले असेपर्यंत पट्ट्या जोडलेल्या राहतात आणि बारीकसा प्रवाह वाहत असतो. दार उघडले की प्रवाह तुटतो आणि घंटा वाजते. चोराने तार कापली तरी प्रवाह तुटतोच, म्हणून तेव्हाही ती वाजते. पोपच्या मूळ रचनेत दार उघडल्यावर प्रवाह सुरू होई. त्यामुळे तार तुटली तर घंटा मुकी होत असे. बंद प्रवाहाच्या रचनेने हे वैगुण्य दूर केले.

परंतु सेन्सरही झिजतो. नळीला तडा जातो, लोहचुंबक सैल होते, बिनतारी सेन्सरची बॅटरी संपते. मग मध्यरात्री कारण नसता घंटा वाजू लागते आणि घरचे वैतागतात. अशा वेळी कोणी हुशार मनुष्य सेन्सर काढून त्याच्या दोन तारांना एकत्र पीळ देतो. घंटा शांत होते, पॅनलवर सर्व ठीक असल्याचा दिवा दिसतो, घर समाधानाने झोपते. पण त्या दिवसापासून ते दार उघडे असो वा मिटलेले, ती तार दर रात्री दार बंद असल्याची खोटी साक्ष देत राहते. झांझिबारला जी साक्ष अर्देशीर यांनी नाकारली तिच्याच कुळातली ही साक्ष आहे. घंटा मुळीच नसेल तर मनुष्य निदान सावध तरी राहतो. खोटे बोलणारी घंटा त्याची सावधगिरीही काढून घेते.

म्हणून बिघडलेला सेन्सर रीतीने बदलणे हे धन्याचे कर्तव्य होय. ते कसे करावे हे आम्ही जाणत्यांकडून समजून घेतले, ते येथे देतो. काम दिवसाउजेडी, घरात माणसे असताना काढावे. घंटा एखाद्या राखण-केंद्राशी किंवा कुटुंबीयांच्या मोबाइलशी जोडलेली असेल, तर त्या सर्वांना आधी कळवावे. पॅनल संकेतांकाने चाचणीच्या स्थितीत ठेवावे, कारण सेन्सरचे झाकण उघडताच छेडछाड ओळखणारे बटण सुटते आणि घंटा वाजते. तारांची जोडणी सोडवावयाची असेल तर प्रथम मुख्य वीज बंद करावी आणि मग पॅनलमधील राखीव बॅटरीची तार काढावी. पॅनलच्या पेटीत घरातील २३० व्होल्टची वीज येते, हे विसरू नये. ती पेटी विद्यार्थ्यांनी स्वतः कदापि उघडू नये. ते काम जाणत्या वायरमनचे. बारा व्होल्टची राखीव बॅटरी निरुपद्रवी वाटते, पण तिची दोन टोके धातूने जोडली गेली तर ठिणगी उडून हात भाजतो.

जुना सेन्सर सोडविण्यापूर्वी कोणती तार कोठे होती याचे छायाचित्र किंवा रेखाचित्र घ्यावे. नवा सेन्सर त्याच जातीचा व त्या पॅनलला चालणारा असावा. तारेच्या टोकाशी बारीक रोधक जोडलेला असेल तर तो नव्या सेन्सरपाशीच पुन्हा जोडावा. तो पॅनलपाशी आणला तर मधली सर्व तार बेवारस होते. स्विच आणि लोहचुंबक समोरासमोर, पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आत बसवावे. दार लोखंडी असेल तर चुंबकाची शक्ती क्षीण होते, म्हणून मध्ये प्लास्टिकची चकती घालावी किंवा लोखंडी दारासाठी केलेला प्रकार आणावा. बिनतारी सेन्सर असेल तर जुन्याची नोंद पॅनलमधून काढून नव्याची करावी आणि बॅटरीची धन व ऋण टोके पाहून ती बसवावी. उंचावर काम असेल तर शिडी धरावयास दुसरा मनुष्य हवाच.

झाकण घट्ट बसवून पुस्तिकेतील क्रमाने वीज परत जोडली की काम संपले असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मुख्य काम तेथे सुरू होते. चाचणीच्या स्थितीतच ते दार स्वतःच्या हाताने उघडावे आणि पॅनलने नेमक्या त्याच दाराचे नाव सांगितले की नाही ते पाहावे. दार मिटावे, पुन्हा उघडावे. घरातील इतर दारेही एकेकदा पाहून घ्यावीत, कारण एका तारेस हात लावताना दुसरी ढिली झालेली असू शकते. मग चाचणीची स्थिती काढून, घंटा रात्रीप्रमाणे चालू करून एकदा खरोखर वाजवून पाहावी, आणि ज्यांना आधी कळविले होते त्यांना काम पुरे झाल्याचे कळवावे. शेवटी सेन्सर बदलल्याचा दिनांक वहीत लिहून ठेवावा. अर्देशीर आपली तिजोरी आगीत घालून पाहत, ती याच न्यायाने.

आमचे दोन्ही तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नवी दुकाने, नवी कार्यालये, नवी घरे उभी राहत आहेत आणि त्यांच्याबरोबर राखणीची नवी साधनेही येतील. आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या वायरमन होतील, कोणी यंत्रे दुरुस्त करतील, कोणी हिशेब लिहितील, कोणी वकीलही होतील. या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे: त्यांच्या आतील भाग गिऱ्हाइकाला दिसत नाही. भिंतीआड गेलेली तार, झाकणाखाली गेलेला जोड, खतावणीत बुडालेला आकडा, यांची पारख करणारा तेथे कोणीच नसतो. गिऱ्हाईक केवळ विश्वासाने पैसे मोजून घरी जाते आणि रात्री डोळे मिटते.

अर्देशीर गोदरेज यांच्या चरित्राचे थोरपण आम्हांस त्यांच्या संपत्तीत दिसत नाही. ज्या ठिकाणी कोणी पाहणार नव्हते त्या ठिकाणीही त्यांनी पट्टी अचूक कापली, आणि जेथे खोटे बोलून भागले असते तेथे नुकसान सोसले. अशी माणसे कोणत्याही गावाला हवी असतात. लालबागेला एक मिळाला. पांढुर्णा आणि सौंसर यांनाही तसे मिळावेत, आणि ते याच शाळेच्या बाकांवरून उठावेत, अशी आम्ही इच्छा करतो.